कुंपणाबाहेरचे तळे

सिंगापूरला जाणारा मराठी प्रवासी मरिना बेची रोषणाई पाहतो, मुस्तफाच्या दुकानात सोन्याचा भाव विचारतो आणि तृप्त होऊन परततो. ज्या कारखान्यांच्या मिळकतीवर या वैभवाचा पाया रचला गेला, ते पश्चिमेकडील जुरोंग त्याच्या गावीही नसते. काही वर्षांपूर्वी मीही तसाच परतलो असतो, परंतु माझ्या मुलीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त चिनी कारागीर, ज्यांना तेथील रिवाजाप्रमाणे लहानथोर सारे 'अंकल' म्हणत, पाहुणा पुण्याचा आहे असे कळताच आपण होऊन भेटीस आले आणि मला पायी जुरोंग दाखविण्यास घेऊन गेले. तरुणपणी साचे घडविण्याची विद्या ते टाटांच्या केंद्रात शिकले होते.

आम्ही आरंभ केला तो जुरोंग टाउन हॉलपासून. टेकाडावरची, मनोऱ्यावर घड्याळ मिरविणारी ही करड्या रंगाची वास्तू 1975 साली खुली झाली आणि 2015 साली राष्ट्रीय स्मारक ठरली. कारखान्यांच्या दफ्तराला स्मारकाचा मान देणारे राष्ट्र विरळाच. 1978 च्या नोव्हेंबरात चीनचे डेंग श्यावपिंग सिंगापूरला आले, तेव्हा त्यांनाही याच इमारतीत आणण्यात आले होते.

1960 च्या सुमारास येथे दलदल होती, कोळंबीची तळी होती, विटांच्या भट्ट्या होत्या आणि खुरट्या टेकड्या होत्या. संयुक्त राष्ट्रसंघाने 1960 साली पाठविलेल्या मंडळाचे प्रमुख, डच अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट विन्सेमियस, यांनी उद्योगधंद्यांवाचून या बेटाला तरणोपाय नाही असा अभिप्राय दिला. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी 1 ऑगस्ट 1961 रोजी दहा कोटी डॉलरांच्या तरतुदीसह आर्थिक विकास मंडळ स्थापन केले, आणि टेकड्या छाटून त्यांच्या मातीने दलदल बुजविण्यास प्रारंभ झाला. पहिला कारखाना पोलादाचा. रस्ते झाले, वीज आली, 1965 साली बंदर सुरू झाले, पण कारखानदार मात्र कूर्मगतीने येत राहिले, आणि हा सारा खटाटोप म्हणजे 'गोहसाहेबांचे वेड' होय, असे लोक उघड म्हणू लागले. आपले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ बरोबर एक वर्षाने, 1 ऑगस्ट 1962 रोजी, जन्मास आले, हे मी अंकलना सांगितले तेव्हा त्यांनी धाकट्या भावंडाची चौकशी करावी तशा आस्थेने त्याची विचारपूस केली.

टाउन हॉलवरून आम्ही तळ्याकडे उतरलो. हे तळे निसर्गदत्त नव्हे; 1971 साली जुरोंग नदीला बांध घालून ते निर्माण केले. त्याच वर्षी पक्षी-उद्यान उघडले (ते 2023 साली मंडाई येथे हलले), मोटारीत बसून पाहावयाचे चित्रपटगृह उघडले, आणि पुढे तळ्यातील बेटांवर 1973 साली जपानी व 1975 साली चिनी पद्धतीचे उद्यान सिद्ध झाले. परदेशी पाहुण्यांस दिपविण्यासाठी ही सजावट मांडली असेल असा माझा समज होता. अंकलनी तो खोडून काढला. तामान जुरोंगच्या सरकारी चाळी बांधून तयार होत्या, भाडे माफक होते, तरीही कामगार दिवसभर राबून रात्री दूरच्या शहरात परतत आणि सदनिका ओस पडत; कारण जेथे संध्याकाळी बायकामुलांना घेऊन जाण्यास जागा नाही तेथे बिऱ्हाड कोण थाटणार? 1968 साली वसाहतीचा कारभार जुरोंग टाउन कॉर्पोरेशनच्या हाती आला, आणि तिने बाग, तळे व पक्षी यांची गणना रस्ते-गटारांच्याच यादीत केली.

तामान जुरोंगच्या खाद्यबाजारात काळी 'कोपी', म्हणजे तेथील कॉफी, घेताना अंकलची खरी कहाणी ऐकली. सिंगापूर सरकारने परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत प्रशिक्षण केंद्रे काढली, त्यांतले पहिले 1972 सालचे, आणि ते फिलिप्सचे नव्हे की रोलाइचेही नव्हे, टाटांचे. कंपनीने स्वतःस लागतील त्याहून अधिक मुले तयार करावीत आणि उरलेली इतर कारखान्यांना मिळावीत, असा त्यात करार असे. "पहिले कित्येक आठवडे हातात फक्त कानस," अंकल म्हणाले. "लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. आम्ही रडकुंडीला येत असू." हे ऐकताना मला पिंपरी आठवली नसती तरच नवल, तेथेही सुमंत मुळगावकरांनी 1966 पासून टाटांच्याच टेल्कोचा कारखाना उभारताना मोटारींच्या आधी हत्यारशाळेचा आणि शिकाऊ मुलांचा ध्यास घेतला होता.

मुळगावकरांनी त्या माळावर झाडे लाविली, तळेही करविले. सुमंत सरोवर म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि पाखरांनी गजबजलेले असते. परंतु ते कारखान्याच्या आवारात आहे, आणि फाटकावर पहारा आहे. पिंपरी-चिंचवडला कारखानदाराने जे स्वयंस्फूर्तीने कुंपणाच्या आत केले, ते जुरोंगला सरकारने कर्तव्य म्हणून कुंपणाच्या बाहेर केले, एवढाच भेद. पण आमच्याकडील महामंडळाने भूखंड, पाणी व वीज देऊन आपले काम संपले असे मानल्यामुळे भोवतालची वस्ती कशी वाढली, हे भोसरीस राहणाऱ्यास मी काय सांगावे?

जुरोंगची स्तुती मात्र बेताने करावी. तळ्याकाठी फिरणाऱ्यांत आज तामिळ व बांगलादेशी मजूर भेटतात ते रविवारी. एरव्ही ते मालमोटारीच्या हौद्यात बसून कामावर जातात आणि त्यांची वसतिगृहे या उद्यानांच्या नकाशात नव्हती. शिवाय दक्षिणेची सात बेटे भराव घालून एकत्र सांधली आणि 2000 साली उद्घाटन झालेले, पुढेही वाढत गेलेले जुरोंग बेट उभे राहिले, तेव्हा तेथील कोळ्यांना आपली गावे सोडावी लागली.

दुपारी कारखान्यांच्या भागातून चालताना आम्ही अवजड मालमोटारी चक्राकार चढावरून बहुमजली कारखान्याच्या वरच्या मजल्यांवर चढताना पाहिल्या. जमीन मोजकी, म्हणून येथे उद्योगही माळ्यावर राहतात. अंकलचा जुना कारखाना दाखवा, असा मी आग्रह धरला. भाडेपट्ट्याची मुदत सरली, जमीन कॉर्पोरेशनकडे परत गेली आणि तेथे आता गुदाम आहे, असे त्यांनी निर्विकारपणे सांगितले.

ज्यांना ही पदयात्रा करावयाची असेल त्यांनी लेकसाइड स्थानकावर सकाळी आठापूर्वी उतरावे, कारण दहानंतर ऊन सोसवत नाही आणि दुपारी सर येते. जुरोंग बेटावर परवान्यावाचून प्रवेश नाही. आणि खाद्यबाजारात शेजारच्या मेजावर एखादे वृद्ध गृहस्थ दिसले, तर ते कोणत्या कारखान्यात होते हे अवश्य विचारावे.