टकलावरचं गोंदण

गेल्या गणपतीत लालबागला आमच्याकडे भाचा आला तो क्रिकेटची टोपी घालून. जेवतानाही उतरेना. शेवटी धाकट्या बहिणीनेच ती काढली. विरळ केस झाकायला पठ्ठ्याने डोक्यावर शाईचे ठिपके टोचून घेतले होते! कपाळावरची रेघ पट्टीने आखलेली, ठिपके निळसर, फुटलेले.

मला गिरगावातल्या आजीचं गोंदण आठवलं. काळं गोंदलेलं पुढे हिरवट-निळं झालं होतं. शाई कातडीत खोल गेली की पसरते, निळी दिसते. इथेही तेच.

बँकेत सह्या पडताळताना अतिनीटस सहीचा मला संशय येई. केसांची खरी रेषाही थोडी विस्कटलेली, कडेला विरळ असते. म्हणून असं काम दुकानातल्या दिव्याखाली ताजं पारखू नये. महिन्याने, उन्हात, जवळून पाहावं.

त्वचारोगतज्ज्ञ लेसरने शाईचे कण फोडतात, शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काही शाया लेसरने उलट काळवंडतात, म्हणून आधी लहानशा जागी चाचणी हवी. मग काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका. कधी पुढची रेघ तेवढी पुसली तरी भागतं. बिघडलेल्यावर आणखी ठिपके टोचणं म्हणजे कर्ज फेडायला नवं कर्ज.

परवा दादरला भाचा भेटला. दोन बैठका झाल्यात, रेघ फिकटलीय. टोपी मात्र होतीच. टक्कल आमच्या घराण्यातलंच. पण स्थळं पाहताना ‘मुलाला केस कमी’ म्हणून नाकं मुरडली ती आम्ही थोरांनीच. ती शाई कोणत्या लेसरने काढायची?