ओव्हरक्लॉकिंगनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही? नागपूरला नेण्याआधी हे करून पाहा

सौंसर : गेमसाठी बायोसमधून प्रोसेसरचा वेग वाढवला आणि डेस्कटॉप उठेना. पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. लगेच मदरबोर्ड गेला म्हणून नागपूरची वाट धरू नये. बहुतेक वेळा बिघडते ती फक्त सेटिंग, आणि ती असते मदरबोर्डवरच्या सीमॉस मेमरीत. म्हणून विंडोज पुन्हा टाकूनही उपयोग नाही.

आधी प्लग काढा. पॉवर बटण 10-15 सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. मग मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल (सीआर 2032, 3 व्होल्ट) दहा मिनिटं बाहेर ठेवा. सेल परत बसवला की वेग मूळचा होतो. दुकानाचा हिशेब, फोटो डिस्कवर असतात, ते पुसले जात नाहीत. बिटलॉकर लावलेलं असेल तर मात्र रिकव्हरी की हाताशी हवी. तारीखही दुरुस्त करा, नाहीतर वेबसाइट उघडताना अडतं. सेल जुना असेल तर नवा घड्याळवाल्याकडेही मिळतो.

तरीही काळोखच असेल तर रॅमची एकच पट्टी ठेवून पाहा. व्होल्टेज फार चढवलं असेल तर प्रोसेसर खरोखर जळलेला असू शकतो. तेव्हा मेकॅनिक गाठावाच लागतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हा खेळ नकोच.