सोलोपासून साथीपर्यंत: रॉक गिटारवादक रेडिओकडे वळतो तेव्हा

खलिफा सिटीतून मुलांना क्लासला सोडताना, नाहीतर सकाळी अबू धाबीकडे कामाला निघताना, गाडीत एफएम सुरू असतोच. मागच्या सीटवरची आपली मुलं हल्ली गिटार शिकतात, आणि एखादं गाणं लागलं की पटकन म्हणतात, "हे कमर्शियल आहे." झालं, निकाल लागला! आज या एका शब्दाबद्दलच बोलू या. वर्षानुवर्षं रॉक वाजवलेला गिटारवादक रेडिओच्या गाण्याकडे वळतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

आधी जागेचा हिशोब पाहू. रॉकच्या मंचावर गिटारवादक मालक असतो. रंगला तर एकाच गाण्यात पाच-दहा मिनिटं सोलो वाजवेल आणि लोक उभे राहून ऐकतील. रेडिओवर अख्खं गाणंच साधारण चार मिनिटांचं. गायकाचा आवाज लवकर यायला हवा, नाहीतर ऐकणारा स्टेशन बदलतो. शिवाय ते वाजतं कुठे? एसीच्या आणि टायरच्या आवाजात, गाडीच्या छोट्या स्पीकरवर. गाणाऱ्याचा गळा आणि इलेक्ट्रिक गिटार यांचे आवाज बरेचसे एकाच पट्ट्यात पडतात. दोघं एकदम बोलले तर शब्द कळत नाहीत. म्हणून गिटारचा तो फाटका, करकरीत आवाज थोडा साफ करावा लागतो, आणि गायक गात असताना हात आवरावा लागतो.

आपल्याला हे नवीन नाही. बालगंधर्वांची पदं नाटकात वन्समोअर घेत घेत लांबत जायची. तीच पदं ध्वनिमुद्रिकेवर आली तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. त्यात मुखडा, अंतरा, दोन-चार ताना, की संपलं. तरीही पहिल्या ओळीत लोक ओळखायचे, कोण गातंय ते.

आता जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बघा. मेक्सिकोत जन्मलेले कार्लोस सँटाना १९६९ साली अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात वाजवून प्रसिद्ध झाले. नव्वदच्या दशकात मात्र रेडिओवर त्यांचं नवं गाणं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मग रेकॉर्ड कंपनीचे जुने जाणकार क्लाइव्ह डेव्हिस यांच्याबरोबर त्यांनी १९९९ मध्ये 'सुपरनॅचरल' हा अल्बम केला. गायक तरुण, गाणी रेडिओला साजेशी. रॉब थॉमस यांनी गायलेलं 'स्मूथ' अमेरिकेच्या यादीत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्या अल्बमच्या वाट्याला ९ ग्रॅमी पुरस्कार आले. तेव्हा सँटाना पन्नाशी ओलांडून गेले होते.

ते गाणं लावून फक्त गिटार ऐका. गायकाने ओळ सोडली की गिटार दोन-चार सुरांत उत्तर देते आणि पुन्हा मागे सरते. नाट्यपदात पेटीवाला गायकाच्या ओळीनंतरची जागा भरतो, अगदी तसंच. एकल वादक साथीला बसला. पण त्याचा लांब, गाणारा सूर लगेच ओळखू येतो.

आपल्या मुंबईतही असा प्रवास झालेला आहे. एहसान नूरानी हे ब्लूज आणि रॉकवर वाढलेले गिटारवादक. लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून ते परतले आणि जाहिरातींच्या जिंगल्स करू लागले. तीस सेकंदांत चाल, शब्द आणि मालाचं नाव, सगळं बसवायचं! रेडिओच्या आवाजाची याहून कडक शाळा नाही. पुढे शंकर महादेवन आणि लॉय मेंडोन्सा यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आला, आणि २००३ च्या 'कल हो ना हो'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००८ च्या 'रॉक ऑन'मध्ये इलेक्ट्रिक गिटार पुन्हा पुढे आली, तीही आपल्या घराघरांतल्या रेडिओवर. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने एहसान यांच्या नावाची गिटारही बाजारात आणली.

याच त्रयीने २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या मराठी चित्रपटाला संगीत दिलं. मूळ १९६७ च्या नाटकाची पदं पंडित जितेंद्र अभिषेकींची. ती चित्रपटात राहिली, आणि शेजारी नवी गाणी आली. त्यांपैकी 'अरुणि किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घराण्याच्या गायकीवरच्या चित्रपटात रॉक गिटारने मिरवायला जागा नव्हती. तिथे गळा मोठा. हे ओळखणं हाही कलेचाच भाग.

मग यात काही हरवत नाही का? हरवतं, आणि ते लपवू नये. वादक वाजवता वाजवता वाट शोधतो, चुकतो, सावरतो, हे चार मिनिटांत मावत नाही. सगळेच रेडिओसाठी वाजवू लागले, तर ते ऐकायची आपली सवयही जाईल. म्हणून मुलांना लांब मैफल ऐकवायला हवी, मग ती भीमसेनजींची असो की सँटानाच्या जुन्या बँडची. आणि काही जण खरोखरच हरवतात. पैसा येतो, पण हात कोणाचा हे कळेनासं होतं.

तेव्हा कमर्शियल आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. इतक्या कमी जागेत वाजवणारा ओळखू येतो का, हे बघा.

या आठवड्यात घरी एक खेळ करा. 'स्मूथ' आणि 'रॉक ऑन'मधलं कोणतंही एक गाणं लावा. गिटार गायकाला कुठे वाट देते आणि कुठे स्वतः बोलते, ते मुलांनी मोजायचं. मग आई-बाबांनी एखादं नाट्यपद लावून पेटीच्या जागा मोजायच्या. आणि घरात गिटार शिकणारं कोणी असेल, तर आजीच्या आवडत्या भावगीताला साथ करायला सांगा. सोलो वाजवणाऱ्या मुलाला ते किती अवघड जातं, ते बघाच. पुढच्या भागात भेटू. तोवर, ऐकत राहा!