तपासणी अहवाल संगणक लिहितो, जबाबदारी डॉक्टरांचीच

सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या प्रतिमा पाहताना क्ष-किरणतज्ज्ञांना पडद्यावरून नजर हटवणे गैरसोयीचे असते. त्यामुळे निष्कर्ष तोंडी सांगून ते लिहून घेण्याची पद्धत जुनी आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित अहवाल भारतात रातोरात टंकलिखित होऊ लागले. ‘मेडिकल ट्रान्सक्रिप्शन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या व्यवसायाचे बंगळुरू हे एक प्रमुख केंद्र होते.

आता हे काम बऱ्याच अंशी संगणकाकडे आले आहे. आयबीएमने १९९६ मध्ये खास क्ष-किरणतज्ज्ञांसाठी ‘मेडस्पीक’ ही प्रणाली आणली होती. अशी प्रणाली प्रथम आवाजातील ध्वनी ओळखते आणि मागील-पुढील शब्दांवरून योग्य शब्दाचा अंदाज बांधते. तपासणी अहवालातील शब्दसंग्रह मर्यादित असल्याने हा अंदाज बहुधा अचूक ठरतो.

बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्याजवळच बोम्मसंद्र येथे डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय आहे. अशा महानगरात कन्नड, मराठी, मल्याळी अशा विविध मातृभाषांचे डॉक्टर इंग्रजीत अहवाल सांगतात. प्रत्येकाचे उच्चार निराळे असल्याने प्रणालीची खरी कसोटी येथेच लागते.

धोका निरर्थक शब्दांचा नसून अर्थपूर्ण वाटणाऱ्या चुकांचा आहे. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव पांढरट दिसतो. त्यास ‘हायपरडेन्स’ म्हणतात. रक्तपुरवठा खंडित झालेला भाग कालांतराने काळसर दिसू लागतो, तो ‘हायपोडेन्स’. रक्तपुरवठा खंडित झाल्यास ठरावीक वेळेत गुठळी विरघळवणारे औषध देता येते. रक्तस्रावात तेच औषध प्राणघातक ठरू शकते. दोन्ही शब्दांचे स्पेलिंग अचूक असल्याने शुद्धलेखन तपासणीत ही चूक सापडत नाही. ‘डावा’ऐवजी ‘उजवा’ उमटणे किंवा वाक्यातील नकार गळणे, हेही तितकेच गंभीर आहे.

पूर्वी टंकलेखकाला वाक्य विसंगत वाटल्यास तो डॉक्टरांना विचारत असे. ती दुसरी नजर आता उरलेली नाही. म्हणूनच स्वाक्षरीपूर्वी अहवाल प्रतिमेशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. रुग्णांनीही आपले नाव, तपासलेला अवयव आणि डावी-उजवी बाजू तपासून शंका असल्यास तत्काळ विचारणे हिताचे आहे.