लाकूड-कापडाचं गाव: न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजारात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला बंदी आहे. प्लास्टिकच्या माळा लावता येत नाहीत. मुलांच्या चक्री-पाळण्यांना मुख्य चौकात जागा नाही. त्यांच्यासाठी हाकेच्या अंतरावर हान्स साख्स चौकात वेगळा बालबाजार भरतो. दुकान कसं दिसावं हेसुद्धा ठरलेलं असतं. लाकडी सांगाडा आणि वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, दुसरं काही नाही. अशी सुमारे १८० दुकानं नोव्हेंबरच्या शेवटी हाउप्टमार्क्ट या चौकात एकमेकांना खेटून उभी राहतात आणि चार आठवडे हे लाकूड-कापडाचं गाव तिथे नांदतं. वर्षाला सुमारे वीस लाख माणसं ते पाहायला येतात. दुकानांतही चुरस असते. १९८१ पासून नगरपालिका सर्वांत सुंदर सजवलेल्या दुकानांना सोनं, रुपं आणि कांस्य अशी तीन पारितोषिकं देते.

युरोपात आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात नाताळ बाजार भरतो. बऱ्याच ठिकाणी मात्र चिनी बनावटीचे दिवे, कर्णकर्कश गाणी आणि गोडसर गरम वाइन एवढंच हाती लागतं. न्यूरेंबर्गमध्येही गर्दी आहे, महागाई आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तर पुढच्याच्या पाठीवर नाक टेकेल इतकी दाटी असते. तरीही मला हा बाजार मोलाचा वाटतो. या गावाने आपल्या बाजाराकडे एक संस्था म्हणून पाहिलं आहे, आणि संस्था सांभाळायची तर कशाला नाही म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं.

बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक लहानशी लंबगोल डबी. सूचिपर्णी झाडाच्या पातळ लाकडी पट्टीची, वर फुलांची रंगीत नक्षी, आणि तळाला हाताने लिहिलेलं: नाताळ बाजारातून एका तरुणीने दुसरीला पाठवलेली भेट, साल १६२८. न्यूरेंबर्गच्याच जर्मानिशेस नाट्सिओनालम्युझेउम या संग्रहालयात ती आजही आहे. म्हणजे १६२८ साली बाजार रुळलेलाच होता. त्याची सुरुवात त्याआधीची. त्यामागे धर्मसुधारणेचा हात आहे. मुलांना भेटवस्तू संत निकोलसच्या दिवशी, ६ डिसेंबरला मिळायच्या. मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांना संतांची पूजा मान्य नव्हती, म्हणून भेटी नाताळला आणि त्याही बाल ख्रिस्ताच्या हातून द्यायची रीत पडली. न्यूरेंबर्गने १५२५ मध्ये ल्यूथरचा पंथ स्वीकारला. नाताळला भेटी द्यायच्या तर आधी त्या विकत घ्यायला हव्यात, आणि हे गाव तर कारागिरांचंच. १७३७ च्या एका यादीनुसार बाजारात माल विकायचा हक्क १४० जणांना होता आणि गावातला जवळपास प्रत्येक हस्तव्यवसाय तिथे हजर होता.

त्या कारागिरीतला आज सर्वांत लोभस उरलेला नमुना म्हणजे सुक्या आलुबुखारांचा माणूस. त्स्वेच्केनमेनलं म्हणतात त्याला. तारेत सुरकुतलेली काळी आलुबुखारं ओवली की हातपाय तयार होतात. पोटाला सुकं अंजीर. डोक्याला अक्रोड, त्यावर रंगाने काढलेले डोळे, नाक आणि जरासं मिश्कील तोंड. मग कापडाचे कपडे, टोपी, हातात झाडू नाहीतर वाद्य. धुराडी साफ करणारा, भाजीवाली, वर-वधू, डॉक्टर, सगळा गाव या सुक्यामेव्यात भेटतो. जवळ जाऊन वास घेतला तर अजूनही फळाचा मंद आंबटगोड वास येतो. बाहुली हातात घेतली की एकही आलुबुखार दुसऱ्यासारखं नाही हे लक्षात येतं, आणि त्यामुळेच प्रत्येकाची उभं राहण्याची ढब वेगळी. साच्यातून हे निघणं शक्य नाही. शेजारच्या दुकानात पितळेच्या वर्खासारख्या पत्र्याचे सोनेरी देवदूत टांगलेले असतात. वारा आला की त्यांचे घड्या घातलेले झगे सळसळतात. नाताळच्या झाडाच्या शेंड्यावर बसवायचा हा देवदूत इथल्या घराघरांत पिढीजात जपतात.

आता लेबकूखेन, म्हणजे मसाल्याचा केक. या गावात त्याचा लेखी उल्लेख १३९५ पासून सापडतो. मध आणि मसाला या दोन गोष्टींवर तो उभा राहिला. मध गावाभोवतीच्या शाही जंगलातून येई. तिथल्या मधपाळांना सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५० मध्ये सनद देऊन हक्क बांधून दिले होते. मसाला यायचा फार लांबून. मलबारची मिरी, वेलदोडे, सुंठ, पलीकडच्या बेटांवरची लवंग आणि जायफळ अरबांच्या हातून व्हेनिसला पोचत आणि तिथून आल्प्स ओलांडून न्यूरेंबर्गच्या वखारींत. इथले व्यापारी त्यावर गब्बर झाले.

पुढची गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे, आणि बाजारात लेबकूखेन खाताना ती कोणी सांगत नाही. वास्को द गामाने समुद्रमार्ग उघडल्यावर जर्मन व्यापाऱ्यांनी व्हेनिसऐवजी लिस्बनकडे मोर्चा वळवला. १५०५ मध्ये फ्रान्सिश्कु द अल्मैदा हा पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय हिंदुस्थानाकडे निघाला, त्या आरमारात जर्मन सावकारांनी पैसा गुंतवला होता. त्यांत आउग्सबुर्गच्या फुगर-वेल्झरांबरोबर न्यूरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणीही होती. जहाजं मिरी घेऊन परतली. त्याच अल्मैदाचा मुलगा लोरेंसु १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या एकत्रित आरमाराशी लढताना मारला गेला. दोन वर्षांनी पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. लेबकूखेनच्या मसाल्याला हाही इतिहास आहे.

पदार्थ म्हणून तो आपल्या नानखटाईशी किंवा फ्रूट केकशी जुळत नाही. उत्तम प्रतीचा, ज्याला एलिझेन म्हणतात, त्यात बदाम, अक्रोड किंवा हेझलनट यांचं प्रमाण किमान २५ टक्के असावं लागतं आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. चर्चमध्ये प्रसादाला देतात तसल्या पांढऱ्या पातळ पापडीवर हे मिश्रण थापतात, वरचा थर सुकू देतात आणि मग भाजतात. म्हणून वरून कोरडा, आत ओलसर आणि चिवट. दातांखाली बदामाचे कण येतात, मग दालचिनी-लवंग, आणि घास गिळल्यावर धण्याची एक ओळखीची चव मागे राहते. मसाल्यात धणे घातलेला गोड पदार्थ आपल्याकडे क्वचितच होतो, त्यामुळे मराठी जिभेला हे नवल वाटतं. न्यूरेंबर्गर लेबकूखेन हे नाव १९९६ पासून युरोपीय संघात भौगोलिक संरक्षणाखाली आहे. गावाच्या हद्दीबाहेर बनवलेल्या केकला ते लावता येत नाही. करंगळीएवढ्या भाजलेल्या सॉसेजनाही असंच संरक्षण आहे. ती तीन-तीन एका पावात घालून देतात. डुकराचं मांस आणि मरवा असा त्यांचा ऐवज, त्यामुळे शाकाहारी माणसाने भाजलेले चेस्टनट, साखरेत परतलेले बदाम आणि बटाट्याची थालीपिठं यांच्याकडे वळावं. गरम वाइन नको असेल त्यांना मुलांसाठीचा फळांचा गरम मसालारस मिळतो. पेय चिनी मातीच्या मगमधून देतात, मगची अनामत घेतात, आणि मगावरचं चित्र दरवर्षी बदलतं. मग परत करा आणि पैसे घ्या, नाहीतर घरी न्या.

ज्या चौकात हे सगळं चालतं, त्या जागेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. इथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये, चौथ्या चार्ल्सच्या संमतीने, ती पाडण्यात आली आणि ५६२ ज्यूंना मारलं गेलं. मोकळ्या झालेल्या जागेवर बाजारचौक झाला आणि सिनेगॉगच्या जागी फ्राउएनकिर्शे हे चर्च उभं राहिलं. १८९८ मध्ये बाजार या चौकातून हलवला गेला आणि पुढे तो गावात इकडून तिकडे फिरत राहिला. १९३३ मध्ये नाझींनी तो परत आणला. तेव्हा चौकाला हिटलरचं नाव दिलेलं होतं. उद्घाटनाला बाल ख्रिस्ताच्या वेशातल्या अभिनेत्रीने भाषण करायचं ही प्रथाही त्याच वर्षी सुरू झाली. मग युद्ध आलं, बाजार बंद पडला, आणि २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळपास सगळंच कोसळलं. १९४८ मध्ये, अजून ढिगारे उपसले जात असताना, लोकांनी पुन्हा दुकानं मांडली.

उद्घाटनाची ती प्रथा गावाने टाकून दिली नाही, बदलून घेतली. आता ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्व चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला चौकातले दिवे मंदावतात आणि चर्चच्या सज्जात पांढऱ्या-सोनेरी झग्यातली, सोनेरी मुकुट घातलेली एक मुलगी उभी राहून बाजार उघडल्याचं जाहीर करते. १९६९ पासून ही मुलगी व्यावसायिक नटी नसते, गावातलीच असते. वय १६ ते १९, उंची किमान १६० सेंटिमीटर, आणि सज्जात उभं राहायचं म्हणून उंचीची भीती नको. निवड दोन वर्षांसाठी. एका संध्याकाळीच तिचं काम संपत नाही. चारही आठवडे ती रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि बालवाड्यांत जाते, मुलांशी बोलते.

२०१९ मध्ये या जागी बेनिग्ना मुन्सी निवडली गेली. न्यूरेंबर्गमध्येच जन्मलेली, वडील मूळचे भारतीय. त्यावर एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या एका स्थानिक शाखेने समाजमाध्यमावर अतिशय हीन टिप्पणी केली: आपलीही गत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखी होणार, असा तिचा सूर. गावाने आणि देशाने त्या मुलीची बाजू इतक्या जोरात घेतली की ती टिप्पणी काढून टाकावी लागली. बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्यांनीही तिला उघड पाठिंबा दिला. ठरल्या शुक्रवारी ती सज्जात उभी राहिली आणि खाली भरलेल्या चौकाने टाळ्यांचा गजर केला. माझ्या मते या बाजाराच्या इतिहासातली ती सर्वांत अभिमानाची संध्याकाळ आहे. याच चौकात कोण आपलं आणि कोण परकं हे ठरवून किती माणसं संपवली गेली हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या टाळ्यांचं मोल कळेल. दुसऱ्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, कोरोनामुळे बाजार भरलाच नाही.

२०१६ मध्ये बर्लिनच्या आणि २०२४ मध्ये माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारावर झालेल्या हल्ल्यांनंतर जर्मनीतल्या अशा बाजारांभोवती अडथळे आणि पोलीस दिसतात. बघायला बरं वाटत नाही, पण ती गरज आहे आणि लोकांनी ती समजून घेतली आहे.

इथे मराठी कानावर पडायचं नवल उरलेलं नाही. शेजारच्या एर्लांगेनमध्ये आणि आसपासच्या कारखान्यांत, विद्यापीठांत पुण्या-मुंबईहून आलेली बरीच माणसं आहेत, आणि त्यांचे आईवडील हिवाळ्यात भेटीला आले की पहिली फेरी बाजारातच होते. जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला, दुकानं उघडतात तेव्हा जा, म्हणजे विकणाऱ्याला बोलायला सवड असते आणि आलुबुखाराची बाहुली हातात घेऊन निवडता येते. बारा वाजता चर्चच्या दर्शनी भिंतीकडे पाहा. १५०९ पासूनचं यांत्रिक घड्याळ तिथे आहे आणि सात राजपुत्र सम्राटाभोवती फेऱ्या घालतात. दुपारी संग्रहालयात जाऊन ती १६२८ ची डबी बघा. आणि २४ डिसेंबरचा बेत आखत असाल तर सकाळीच पोचा, कारण त्या दिवशी दुपारी दोन वाजता बाजार बंद होतो आणि विकणारेही सणाला घरी जातात.