साखरेची झळ शेजघरापर्यंत

पायाला मुंग्या येतात, हे परतूरसारख्या गावातला मधुमेही डॉक्टरांना लगेच सांगेल. ताठरता येत नाही, हे सांगायला वर्षं लावेल. मूळ दोन्हींचं एकच. वाढलेली साखर मज्जातंतू आणि बारीक रक्तवाहिन्या खराब करते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असतात, त्या बऱ्याचदा आधी तुंबतात. त्यामुळे ताठरतेची तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते.

बायकांना तर कुणी विचारतच नाही. योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, बुरशीची खाज, सगळं अंगावर काढलं जातं. बुरशीवर साधं औषध आहे, पण साखर चढीच राहिली तर बुरशी पुन्हा उलटते.

पुरुषांना ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी आहे. मात्र छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ते घेऊ नये. रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. मेडिकलमधून गुपचूप गोळी आणणाऱ्याला हे बहुधा कुणी सांगत नाही.