लोणारचे धन काठाबाहेरही आहे

चंद्रावरच्या ज्या काळसर डागांत आपल्याकडे ससा किंवा हरिण पाहण्याची रीत आहे, ते डाग म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या बेसॉल्टची विस्तीर्ण मैदाने होत. त्यांवर अशनींच्या आघाताने असंख्य विवरे पडलेली आहेत. तेथे वारा नाही, पाऊस नाही, नांगर नाही. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वीची विवरेही ओळखता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘चंद्रयान-३’ उतरले ती जागादेखील सुमारे १६० किलोमीटर व्यासाच्या अशाच एका पुरातन विवरात असल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवून दिले.

या चांद्रविवरांचा धाकटा भाऊ वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे आहे. पृथ्वीवर आघाताची सुमारे दोनशे विवरे ज्ञात आहेत. परंतु चंद्राप्रमाणे बेसॉल्टमध्ये पडलेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे अत्यंत विरळ. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख समजले गेले. १९७३ साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचा आघातजन्य उगम साधार मांडला. तळाखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली होती. प्रचंड आघाताच्या दाबानेच खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही.

तथापि, लोणारचे महत्त्व खाऱ्या सरोवरापुरते व काठावरील देवळांपुरते नाही. आघाताच्या वेळी उसळलेला दगडमातीचा थर विवराच्या काठाबाहेर एक किलोमीटरहूनही पुढे पसरला आहे. विवराचे वय काही अभ्यासकांनी सुमारे ५० हजार वर्षे मानले, तर २०११ च्या संशोधनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. एवढ्या मोठ्या तफावतीचा निवाडा करणारा पुरावा अशा दगडांतच मिळावयाचा.

२००० साली येथे अभयारण्य जाहीर झाले, २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच. परंतु अभयारण्याचे क्षेत्र साडेतीन चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे, आणि एकट्या विवरानेच त्यातील अडीच चौरस किलोमीटरांहून अधिक जागा व्यापली आहे. अर्थातच बाहेरच्या थराचा बहुतेक भाग या मर्यादेपलीकडे, शेतांत, रस्त्यांखाली व वस्तीत राहतो. तेथे पाया खणणाऱ्याला किंवा मुरूम उचलणाऱ्याला आपण काय नाहीसे करीत आहोत, याची कल्पना कशी असावी? त्याला दोष देण्याआधी ती देणे हे शासनाचे व सुशिक्षितांचे काम आहे. शेतकऱ्याची जमीन काढून न घेताही थराचे काही निवडक उघडे कडे राखता येतील, त्यांवर मराठीत फलक लावता येतील.

अमरावती-अकोल्याच्या शाळांच्या सहली लोणारला जातात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सरोवर दाखवून झाल्यावर बाहेरच्या बाजूचा हा थरही दाखवावा. चंद्रावरील विवराला राखणदार लागत नाही; लोणारला मात्र माणसांवाचून दुसरा राखणदार नाही.